लीव्हर हाउस १:२०० : गंज, काळी भिंत आणि बदललेला बेत

मंडळी, न्यूयॉर्कच्या लीव्हर हाउस या काचेच्या इमारतीचं १:२०० मापाचं मॉडेल मी करतोय. त्याच्या दक्षिणेच्या लांब भिंतीवरचे उभे मलियन (काचांमधल्या धातूच्या पट्ट्या, इथे पोलादी तार) एकदाचे बसले, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. तुम्ही भरभरून शाबासकीही दिलीत. परवा रविवारी पेटीवरचं प्लॅस्टिक काढलं आणि पोटात धस्स झालं. तारेच्या दोन्ही कडांनी तपकिरी ओघळ. खालच्या चार मजल्यांवर तार काचेच्या जागी लावलेल्या ॲक्रिलिकपासून चक्क उचलली गेली होती आणि तिच्या शेजारची दोन पॅनल सुटून पेटीच्या तळाशी पडली होती. सात आठवड्यांचं काम होतं ते.

तार कुठली, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. मिरजेच्या एका सभासदाने पाठवलेली तंबोऱ्याची बारीक पोलादी तार. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, ताणली की सरळसोट, आणि प्रकाशात अशी चमकते की कुठलाही चंदेरी रंग तिच्यापुढे फिका पडावा. तारेत काहीच खोट नव्हती. चूक माझी. मी ती पांढऱ्या गोंदाने बसवली. इन्स्टंट ग्लू पारदर्शक ॲक्रिलिकवर पांढरी वाफ सोडतो आणि क्लोरोफॉर्म त्याला भेगा पाडतो, म्हणून पांढरा गोंद. पण हा गोंद पाण्यातला. वर जुलैचं पुणं आणि त्यात बंद पेटी. साध्या पोलादाला एवढं पुरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून फुगला आणि त्यानेच तार वर ढकलली.

ज्यांनी या इमारतीचा इतिहास वाचला आहे त्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. खरं लीव्हर हाउस असंच आजारी पडलं होतं.

नव्या सभासदांसाठी थोडक्यात. न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवर ५३व्या आणि ५४व्या रस्त्यांच्या मधली ही इमारत १९५२ साली उघडली. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेचे गॉर्डन बनशाफ्ट मुख्य वास्तुकार, आणि आराखड्यांवर नॅटली डी ब्लुआ यांचा मोठा हात. दोघांची नावं बरोबरीने घ्यावीत असं मला मनापासून वाटतं. डी ब्लुआ यांचं नाव फार वर्षं मागे राहिलं. खाली खांबांवर उचललेला आडवा मजला, मधोमध उघडा चौक, आणि एका बाजूला हवेत उभी केलेली काचेची पाटी. उंची ९४ मीटर, म्हणजे आपल्या मापात ४७ सेंटिमीटर. त्या काळच्या नियमानुसार मनोरा जागेच्या पाव भागातच बांधला, तर पायऱ्या-पायऱ्यांनी मागे न घेता सरळ वर नेता येत असे. तो पाव भाग यांनी घेतला आणि बाकीच्या जागेवर आकाश मोकळं सोडलं.

भिंत बाहेरून पाहिली तर काच आणि स्टेनलेस स्टील, बस. पण स्टेनलेसच्या त्या चकचकीत टोप्यांच्या आत साधं कार्बन स्टील होतं. उभ्या मलियनच्या मागे पाणी शिरलं, आतलं लोखंड गंजून फुगलं, आडव्या पट्ट्या वाकल्या आणि त्यांनी काचा फोडल्या. जास्त करून स्पँड्रलच्या, म्हणजे वरखालच्या मजल्यांच्या खिडक्यांमधल्या आडव्या पट्ट्यातल्या. फुटली की बदल, असं करत करत नव्वदीच्या दशकात मूळ काचांपैकी जेमतेम एक टक्का शिल्लक होत्या, आणि बदललेल्यांचा रंग एकमेकींशी जुळत नव्हता. त्या काळातले फोटो बघवत नाहीत. हिरव्या भिंतीवर ठिगळं लावल्यासारखं दिसतं.

माझ्या टेबलावर तेच घडलं, त्याच कारणाने. ओलावा अडकून राहील अशी खाच, आणि त्या खाचेत साधं पोलाद. इतकी वर्षं हे वाचत होतो, पण सुटलेलं पॅनल चिमट्याने उचलून त्याच्या मागची तपकिरी रेघ पाहिली तेव्हा ते खरं कळलं.

इलाज घरातच सापडला. माझी लेक दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने तार पाहिली आणि म्हणाली, “बाबा, आम्ही ब्रेसेस बांधायला स्टेनलेसची लिगेचर वायर वापरतो, ती बघा.” ०.०१० इंच, म्हणजे पाव मिलिमीटरच! तोंडात लाळेमध्ये महिनोन्‌महिने राहणारी तार, तिला पुण्याच्या पावसाचं काय भय? दातांच्या सामानाच्या दुकानात गुंडाळी मिळते आणि महागही नाही. एकच अडचण, ती मऊ असते आणि गुंडाळीचा बाक धरून येते. एक टोक शिकंजात, दुसरं पकडीत, आणि हाताला तार किंचित सैल झाल्याचं जाणवेपर्यंत सावकाश ओढायचं. मग दोन काचांमध्ये ठेवून लाटायची. पन्नास तुकड्यांपैकी सहा वाया गेले, बाकीचे सुतासारखे सरळ. पांढरा गोंद आता बाद. दोन भागांचं, सावकाश सुकणारं पारदर्शक इपॉक्सी सुईच्या टोकाने, फक्त मजल्यांच्या रेषेवर ठिपके देऊन लावतोय. एका तारेला वीस मिनिटं लागतात. लागोत.

आता चांगली बातमी. रंगाचा प्रश्न सुटला. सुटला म्हणजे पूर्ण सुटला, आणि हा आनंद नसता तर मी ही नोंद लिहायला बसलोच नसतो.

मार्चपासून मी दोन हिरव्यांच्या मागे लागलो होतो. खिडकीचा फिका निळसर हिरवा आणि स्पँड्रलचा गडद. तामिया कंपनीचा एक्स-२३ निळा आणि एक्स-२५ हिरवा मिसळून एअरब्रशने मारून पाहिले. एका पॅनलपुरतं सुंदर दिसतं, पण दुसरं पॅनल करेपर्यंत थर कमीजास्त होतो आणि नव्वदीतली ठिगळं पुन्हा हजर. प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदावर छापून पाहिलं, तर भिंगाखाली शाईचे ठिपके दिसतात. गाडीची सन फिल्म आरशासारखी चमकते. ती आजच्या आयटी पार्कला शोभेल, १९५२ला नाही. एका ऑनलाइन दुकानाने ‘सी ग्रीन’ म्हणून पाठवलेलं ॲक्रिलिक सरळ पोपटी निघालं आणि परतही घेतलं नाही. रंगीत ॲक्रिलिक स्वतः जाऊन, उन्हात धरून पाहूनच घ्या. पडद्यावरच्या रंगावर विश्वास ठेवू नका.

मग एका रात्री भिंतीचा छेद, म्हणजे ती उभी कापली तर आत काय दिसेल ते चित्र, पुन्हा काढून बसलो. प्रत्येक मजल्याच्या कडेला स्पँड्रलच्या काचेमागे ब्लॉकची बुटकी भिंत आहे. न्यूयॉर्कच्या अग्निसुरक्षेच्या नियमांना नुसती काच चालत नव्हती, म्हणून ती बांधावी लागली आणि बाहेरून दिसू नये म्हणून काळी रंगवली. ती भिंत शंभरदा पाहिली असेल, पण मॉडेलच्या कामाची म्हणून कधी पाहिलीच नव्हती. स्पँड्रलची काच वेगळी होती हे खरं; पण ती गडद, खोल आणि ढगाळ दिवशी जवळजवळ शाईसारखी दिसते, त्यात मागच्या काळ्या भिंतीचा वाटा मोठा असणार, हा माझा तर्क.

लगेच करून पाहिलं. भिंतभर एकच फिका रंग. मागे दोन मिलिमीटर जागा सोडून काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या उभ्या केल्या. दिवा लावला आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. खिडकी खिडकीसारखी, स्पँड्रल स्पँड्रलसारखा, आणि डोकं हलवलं की त्या गडद पट्ट्याला खोली येते! रंगाने हे कधीच साधलं नसतं. पाच महिने मी काचेत जे शोधत होतो ते काचेच्या मागे होतं. अंतर मात्र सांभाळा. एक मिलिमीटर ठेवलं तर पट्टी चिकटवल्यासारखी दिसते, आणि तीनला तिरप्या कोनातून फट उघडी पडते.

छोट्या गोष्टी भराभर सांगतो. गच्चीवरच्या रुळांवरून काचा धुण्याचा पाळणा आता चालतो. या खिडक्या उघडतच नाहीत, सगळी इमारत वातानुकूलित, म्हणून बाहेरून धुवायला पाळणा हवाच. मालक लीव्हर ही साबणाची कंपनी, तेव्हा इमारत लखलखीत दिसणं हीच तिची जाहिरात. पाळणा पितळी पत्र्याचा, ११ मिलिमीटर लांब, शिलाईच्या काळ्या दोऱ्यावर खालीवर होतो. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरची झाडं भांडी घासायच्या हिरव्या स्पंजची. तिथे कर्मचाऱ्यांसाठी शफलबोर्डची, म्हणजे काठीने तबकड्या सरकवायच्या खेळाची, कोर्टंही होती. तीही आखली, पेन्सिलच्या एका रेघेएवढी.

आता त्या वादाबद्दल, जो मागच्या नोंदीखाली तुम्ही सुरू केलात. “२००१ला सगळी काच बदलली, मग आता ती इमारत मूळ कुठे राहिली?” मला हा आक्षेप पटत नाही. दर काही वर्षांनी कौलं शाकारली म्हणून वाडा नवा होत नाही. यावर एक सभासद म्हणाले की वाड्याचा जीव सागवानी चौकटीत असतो, कौलांत नाही. इथे तर कातडीच सगळं काही आहे. हे अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच दुरुस्ती करणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. काम मूळ वास्तुकारांच्याच संस्थेने केलं. आत गंजणाऱ्या पोलादाच्या जागी ॲल्युमिनियमच्या लपलेल्या खाचा आल्या, बाहेर स्टेनलेसच्या टोप्या हुबेहूब तशाच, आणि काच जुन्या रंगाशी शक्य तितकी जुळणारी. आजच्या पद्धतीच्या जाड चौकटी लावणं सोपं गेलं असतं. पण या इमारतीचा जीव त्या रेघेच्या जाडीत आहे, आणि ती रेघ त्यांनी वाचवली. लिगेचर वायर सरळ करताना त्या रेघेची किंमत बोटांना कळते.

शिवाय विसरू नका, ही इमारत पाडून उंच मनोरा बांधायचा प्रस्ताव आला होता. १९८२ साली, तिशी गाठताच, तिला वारसा दर्जा मिळाला म्हणून ती उभी आहे.

नंतरचं नूतनीकरण, म्हणजे १० कोटी डॉलरचं, २०२३ला संपलेलं, त्याबद्दल माझं मत अर्धं-अर्धं आहे. वातानुकूलनाची जुनी यंत्रणा काढून नवी घातली, ते हवंच होतं. सत्तर वर्षांच्या यंत्रांवर कुठलं कार्यालय भाड्याने जाणार? गच्चीची नवी लागवड रीड हिल्डरब्रँड या उद्यानरचना करणाऱ्या संस्थेने केली. फोटोंत तरी ती सुरेख आणि संयमी दिसते. खटकतो तो तिसरा मजला. जिथे कारकून आणि टायपिस्ट जेवणाच्या सुट्टीत खेळायला येत, तिथे आता भाडेकरूंसाठी उंची क्लब आहे. इमारत जगायला पैसा लागतो हे कळतं. तरी ती कोर्टं मॉडेलवर आखताना मला त्या टायपिस्टच आठवत होत्या.

माझे वडील चर्चगेटला नोकरीला होते. बॅकबे रेक्लमेशनवर हिंदुस्तान लीव्हरचं मुख्यालय होतं, त्यालाही लीव्हर हाउसच म्हणत. “हे धाकटं, थोरलं न्यूयॉर्कला,” असं ते मला सांगायचे. कंपनी पुढे अंधेरीला गेली. पण हे नाव माझ्या डोक्यात बसलं ते तिथून.

तर बेत. मी १९५२ची इमारत करणार होतो, अगदी उद्घाटनाच्या दिवसाची. हे लिहितानाच तो बदलतोय. तार आता स्टेनलेसची आहे, आत पोलाद नाही, म्हणजे माझ्या हातून प्रत्यक्षात २००१ची भिंत बनते आहे. मग तीच होऊ दे. पण गंजलेलं दक्षिण पॅनल मी टाकणार नाही. १:२०च्या मोठ्या मापात भिंतीचा एक तुकडा शेजारी उभा करतो. डावीकडे जुना छेद, स्टेनलेसची टोपी, आतलं लोखंड, काळी भिंत, उजवीकडे नवा. जुन्या छेदातल्या लोखंडासाठी रंगवलेला गंज कशाला, मिरजेची तार आहे ना! तीन तारा मिठाच्या पाण्याच्या बशीत आत्ताच टाकून आलो.

एक मदत हवी. १:२०ला स्पँड्रलची, आत तारेची जाळी असलेली काच लागेल. बारीक जाळी दोन ॲक्रिलिकच्या मध्ये बुडबुडे न येता कुणी बसवली आहे का? मच्छरदाणीची जाळी फार जाड पडते. चहाच्या गाळणीची उद्या कापून बघतो.