स्वस्त दुकानातला किराणा आणि नऊ वाट्या वरण

आमच्या घरी वर्षाचे धान्य भरण्याची पद्धत तीन वर्षांपूर्वी बंद झाली. तोपर्यंत दर उन्हाळ्यात वडोदऱ्याच्या हाथीखाना बाजारातून गहू, तांदूळ आणि तूरडाळ येत असे, डाळ कोरी घ्यायची की दिवेल म्हणजे एरंडेल लावलेली यावर व्यापाऱ्याशी दहा मिनिटे चर्चा होत असे, आणि दांडिया बाजारातल्या जुन्या घरी माडीवर पत्र्याची पिंपे ओळीने भरून ठेवली जात. आता आम्ही कारेलीबागेत तिसऱ्या मजल्यावर राहतो, पिंपांना जागा नाही आणि ती उन्हे-वाळवणे करण्याची ताकद सासूबाईंमध्ये उरलेली नाही. त्यामुळे महिन्याचा किराणा एका मोठ्या सवलतीच्या सुपरमार्केटातून येऊ लागला आणि त्याबरोबरच घरात एक वाद सुरू झाला. त्या दुकानाच्या स्वतःच्या नावाने पाकीटबंद होऊन येणारी डाळ, पोहे, रवा, चहा हे सारे नामांकित कंपन्यांच्या मालापेक्षा हलके असते, असे सासूबाईंचे ठाम मत. "स्वस्त आहे म्हणजे काहीतरी काढून घेतलेलं असणारच," असे त्या म्हणत.

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाचे शिक्षण घेतले आहे. तिथे अन्नाची चव पारखण्याच्या तासाला शिकवलेली त्रिकोणी चाचणी इतक्या वर्षांनी घरात उपयोगी पडेल, असे मला वाटले नव्हते. चाचणी साधी आहे. चाखणाऱ्यापुढे तीन नमुने ठेवायचे, त्यांपैकी दोन एकाच मालाचे आणि एक वेगळ्या मालाचा. वेगळा कोणता एवढेच त्याने ओळखायचे. चांगला कोणता, हे विचारायचेच नाही, कारण तो प्रश्न विचारला की माणूस जिभेऐवजी आठवणीने उत्तर देतो. नुसत्या अंदाजानेही तीनातले एक उत्तर बरोबर येणार, म्हणून नऊ वेळा चाखल्यावर निदान सहा उत्तरे बरोबर आली तरच दोन मालांत जाणवण्याजोगा फरक आहे असे मानतात.

एका रविवारी दोन्ही डाळी सारख्याच वेळ भिजवल्या, एकाच कुकरमध्ये दोन भांड्यांत मोजून पाणी घालून शिजवल्या, मीठ आणि हळद सारखी घातली, हिंग आणि फोडणी टाळली. स्टीलच्या वाट्यांच्या बुडाशी आकडे चिकटवले. सासूबाई, माझे यजमान आणि शेजारच्या वहिनी असे तीन परीक्षक होते. आकड्यांचा अर्थ मलाच ठाऊक असल्यामुळे मी बाद होते. प्रत्येकाने क्रम बदलून तीन वेळा चाखायचे असे ठरले, म्हणजे एका फेरीला नऊ वाट्या वरण. नऊपैकी बरोबर उत्तरे आली चार. सासूबाईंचे स्वतःचे तीनपैकी एकच बरोबर आले आणि मीठ कमी पडल्यामुळे कळले नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला.

मला या निकालाचे फारसे आश्चर्य वाटले नाही. डाळीत कोणत्याही कंपनीची पाककृती नसते. तिची प्रत ठरते ती तुरीच्या वाणावर, त्या वर्षीच्या पावसावर, डाळ किती जुनी आहे यावर आणि मिलमध्ये ती कशी निवडली, चाळली, पॉलिश केली यावर. आमच्या भागात वासदची तूरडाळ नावाजलेली, पण देशातले पीक अपुरे पडल्यावर म्यानमार आणि आफ्रिकेतल्या देशांतून तूर येते आणि ती मोठ्या नावाच्या पाकिटातही जाते, साध्या नावाच्या पाकिटातही जाते. साखरेचे तर याहून सोपे आहे. कारखान्यातून ती दाण्याच्या आकाराप्रमाणे एस-30, एम-30 अशा प्रतींत निघते, आणि पाकिटावर कुणाचेही नाव असले तरी आतली प्रत तीच राहते. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती येईपर्यंत निदान 15 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 15 भाग, आयोडीन असले पाहिजे, हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. शिवाय देशातले बहुतांश मीठ आमच्या गुजरातच्याच किनाऱ्यावर आणि कच्छच्या रणात पिकते. अशा वस्तूंसाठी नावाचे पैसे मोजणे मी बंद केले, आणि त्यासाठी चाचणीची गरजही मला वाटली नाही.

पुढच्या रविवारी मात्र चहा ठेवला आणि चित्र पालटले. नऊपैकी आठ उत्तरे बरोबर आली. दुकानाच्या नावाचा चहा रंगाला अधिक गडद होता, पण दूध-साखर घातल्यावर त्याचा वास जवळजवळ नाहीसा झाला आणि घशाशी नुसता तुरटपणा उरला. चहाच्या पाकिटात एका मळ्याची पत्ती नसते. लिलावांतून घेतलेल्या निरनिराळ्या मळ्यांच्या आणि हंगामांच्या पत्त्यांचे ते मिश्रण असते, आणि मळा बदलला, पाऊस बदलला तरी ग्राहकाला मागच्या वर्षीचीच चव मिळावी म्हणून कंपन्या पगारी चाखणारे ठेवतात. आपण जास्तीचे पैसे मोजतो ते या माणसांच्या जिभेचे आणि त्यांच्यामागच्या साठ्याचे, जाहिरातीचा खर्च वजा केला तरी. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी आठांपैकी तीन उत्तरे आपली होती, याची आठवण करून दिली.

याच सुमारास एक वेगळीच गोष्ट लक्षात आली, जी माझ्या वाट्यांच्या चाचणीत सापडणे शक्यच नव्हते. श्रावणात त्याच दुकानाच्या त्याच नावाची तूरडाळ आणली, आणि ती पाच शिट्ट्या होऊनही कणीदार राहिली. पुन्हा कुकर लावला, चिमूटभर सोडा घातला, तेव्हा कुठे ती घोटली गेली. डाळ उघडच जुनी होती. त्यापुढच्या महिन्यात आणलेली पुन्हा लोण्यासारखी शिजली. म्हणजे माझी चाचणी खोटी नव्हती, पण ती एका पाकिटाची चाचणी होती, दुकानाची नव्हे. नामांकित कंपनीची डाळ मी त्या काळात पाच वेळा आणली आणि ती पाचही वेळा सारख्याच वेळात शिजली. स्वस्त मालाची प्रत खालची असते हे म्हणणे मला आता चुकीचे वाटते. तिची प्रत हेलकावे खाते, असे म्हणणे अधिक बरोबर होईल, आणि ज्या घरात सकाळी साडेनऊला डबा भरून द्यायचा असतो तिथे असा हेलकावा चवीतल्या फरकापेक्षा महाग पडतो.

मग हा माल स्वस्त कसा देतात, हा सासूबाईंचा मूळ प्रश्न उरतोच. 'काढून घेतलेले' काहीतरी असतेच, पण ते बहुधा पाकिटाच्या बाहेरचे असते. जर्मनीत आल्ब्रेख्त बंधूंनी एसेन शहरातल्या आईच्या छोट्या दुकानातून आल्डी ही सवलतीच्या दुकानांची साखळी उभी केली तेव्हापासूनची रीत अशी, की मोजक्याच वस्तू ठेवायच्या, त्या खोक्यांतच मांडायच्या, सजावटीवर आणि नोकरांवर खर्च करायचा नाही, आणि बहुतेक माल स्वतःच्या नावाने बनवून घ्यायचा. आपल्याकडे 2002 मध्ये पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टने जागा शक्यतो विकत घेण्याचा, म्हणजे भाड्यातून सुटण्याचा, आणि पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून भाव पाडून घेण्याचा मार्ग धरला. माल पटापट खपला की तो शेल्फवर शिळा होत नाही, हा ग्राहकाचा अनायास झालेला फायदा. जर्मनीत श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही 1964 पासूनची संस्था अशा दुकानांचा माल आणि नामांकित माल यांची प्रयोगशाळेत तुलना करते, आणि तिच्या चाचण्यांत दुकानांच्या स्वतःच्या नावाच्या वस्तू वारंवार बरोबरीने उतरल्या आहेत. आपल्याकडेही अहमदाबादची 1978 मध्ये सुरू झालेली ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्र ही संस्था स्वतःच्या प्रयोगशाळेत वस्तू तपासते, पण तिचे अहवाल वाचून किराणा भरणारे घर माझ्या पाहण्यात नाही.

खरे तर बिननावाचा किराणा मराठी मध्यमवर्गाला नवा नाही. दादरची माझी मावशी मुंबई ग्राहक पंचायतीची जुनी सभासद. 1975 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा माल महिन्याला तिच्या संघात येई, शेजारणी मिळून तो वाटून घेत, आणि त्यावर कुणाचे चकचकीत नाव नाही म्हणून तिने कधी नाक मुरडले नाही. तो माल कुणीतरी आपल्या बाजूचे माणूस पाहून आणत आहे एवढे तिला पुरेसे होते. सवलतीच्या दुकानात हे काम दुकानाचा खरेदी अधिकारी करतो. तो आपल्या बाजूचा आहे की भावाच्या बाजूचा, हे आपल्याला डाळ शिजायला लागल्यावर कळते.

पाकीट उलटून पाहण्याची सवय मात्र मला या वादामुळे लागली. दुकानाच्या नावाखाली बारीक अक्षरांत खऱ्या उत्पादकाचे नाव आणि पत्ता असतो, शिवाय 14 अंकी अन्न परवाना क्रमांक असतो. कधी कधी तो पत्ता ओळखीच्या मोठ्या कंपनीच्या पाकिटावरचाच निघतो. त्यावरून हुरळून जाण्यात अर्थ नाही, कारण एकाच भट्टीत दोन गिऱ्हाइकांची दोन वेगळ्या कणकेची बिस्किटे भाजता येतात. घटकांची यादी मात्र खोटे बोलत नाही, कारण जास्त वजनाचा घटक आधी लिहिणे बंधनकारक आहे. आमच्या दुकानाच्या टोमॅटो केचपमध्ये पहिले नाव साखरेचे होते आणि टोमॅटो दुसऱ्या क्रमांकावर होता. तेवढ्यावरून ती बाटली मी परत ठेवली. जॅममध्ये फळाचा भाग निदान 45 टक्के असावा असा नियम आहे, त्यामुळे तिथे फसगत कमी. आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये मात्र 'फ्रोझन डेझर्ट' ही अक्षरे शोधावी लागतात, कारण त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असते आणि डबा तेवढाच गोजिरा असतो.

सवलतीच्या आकड्याबद्दल मला जरा राग आहे. नामांकित मालावरची कमाल किंमत कंपनीने छापलेली असते, तेव्हा दुकानाने त्यातून दहा रुपये कमी केले तर ते खरोखर कमी झालेले असतात. दुकानाच्या स्वतःच्या नावाच्या पाकिटावरची कमाल किंमत मात्र दुकानच ठरवते, आणि मग त्याच आकड्यावर मोठ्या लाल अक्षरांत सवलत दाखवते. स्वतःच उंच बांधलेल्या ओट्यावरून खाली उडी मारण्यात कसले कौतुक? त्यापेक्षा किलोमागे किंवा ग्रॅममागे पडणारी किंमत पाहावी. ती पाकिटावर छापणे आता आवश्यक आहे, आणि खाद्यतेलाच्या बाबतीत तर ती पाहावीच. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरते, पण शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या दिसणाऱ्या पिशव्यांत तेवढे असेलच असे नाही.

मसाल्यांची मी या दुकानांशी तुलनाच केली नाही. मिरची, हळद, धने हे वर्षाचे अजूनही उन्हाळ्यात लागणाऱ्या मसाल्याच्या मंडपांतूनच येतात. रेशमपट्टो मिरची डोळ्यांसमोर देठ काढून दळून घेण्याची सोय ज्या शहरात आहे, तिथे लाल तिखटाचे पाकीट कोणत्या नावाचे घ्यावे हा प्रश्न आमच्यापुरता उद्भवत नाही.

गेल्या महिन्यात दुकानात जायला निघाले तेव्हा सासूबाईंनी यादी स्वतः सांगितली. साखर, मीठ, पोहे, रवा दुकानाचेच, चहा नेहमीच्या कंपनीचा. तूरडाळीपाशी त्या थांबल्या. "दुकानाचीच आण," त्या म्हणाल्या, "पण आज अर्धाच किलो. संध्याकाळी लावून बघू, आणि पाकीट टाकू नकोस, त्याच्यावरचा बॅच नंबर लिहून ठेव." डाळ तीन शिट्ट्यांत शिजली. दुसऱ्या दिवशी मी चष्मा लावून शेल्फपुढे उभी राहिले आणि तोच नंबर असलेली चार पाकिटे शोधून काढली. पाचवे मागच्या रांगेत होते, ते दुकानातल्या मुलाने काढून दिले.