विक्रीला काढलेली शिडाची नौका
महासागर ओलांडण्यासाठी बांधलेली एक जुनी शिडाची नौका आज पाहिली. मालकाने आतले चकचकीत लाकूडकाम कौतुकाने दाखवले. माझे लक्ष मात्र डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांकडे होते, कारण त्या वरून निर्दोष दिसल्या तरी साधारण १० ते १५ वर्षांनी बदलाव्या लागतात आणि भर समुद्रात एक जरी तुटली, तरी डोलकाठी कोसळू शकते. त्या तारा जखडणाऱ्या पट्ट्यांपाशी डेक हातोडीने हलकेच ठोकला, तेव्हा बद्द आवाज आला. म्हणजे फायबरग्लासच्या थरांमधले लाकूड पाणी मुरून कुजले असावे. (मालकाने लगेच विषय बदलला, हे सांगायला नकोच.) नौका पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्वेक्षकाकडून तपासून घेतल्याशिवाय किमतीची बोलणी करणार नाही, असे त्यांना कळवले आहे.