गोधडी, सुई आणि माझं बोट

आईच्या जुन्या महेश्वरी साड्यांची गोधडी आज शिवायला घेतली. चार थर आणि वर धावदोरा. तासाभरात सुईच्या बुडाने मधल्या बोटाला भोक पाडलं, आणि कापडाखालच्या तर्जनीची तर पार चाळणी! काठावर रक्ताचा ठिपकाही पडला. (लगेच गार पाण्याने पुसला, गरम पाण्याने डाग पक्का बसतो.)

तशीच उठून राजवाड्याकडे गेले. दुकानात अंगुस्तान (शिवताना बोटाला सुई लागू नये म्हणून घालायची टोपी) मागितलं तर उत्तर मिळालं, "अंगूठी तो सराफे में मिलेगी, दीदी!" इंदूरच ते. तिसऱ्या दुकानात पितळेचं मिळालं.

घरी आत्याने ते माझ्या अंगठ्यातून काढून मधल्या बोटात घातलं. "अगं, सुईचं बूड या खळग्यात टेकव नि ढकल. शेंड्याने नको, बाजूने." पहिली दहा मिनिटं बोट परक्याचं वाटलं, मग हात बसला. खालच्या बोटाला मात्र टोपी नको म्हणाली, सुईचं टोक लागलेलं कळायला हवं. तिथे नुसती चिकटपट्टी. अडकलेली सुई ओढायला ती नोटा मोजायची रबरी टोपी वापरते, बँकेतून निवृत्त झाल्यापासून जपून ठेवलेली!

दोन ओळी झाल्या. वाकड्याच आहेत.