डब्ल्यूचा वाडा

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ च्या एप्रिलमध्ये. पण हा शेवटचा भाग झेडचा नव्हता. एक्स, वाय, झेड ही मंडळी आधीच छापून मोकळी झाली होती आणि मागे रेंगाळले होते ते डब्ल्यू. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले टॉल्किन पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, याच अक्षराच्या शब्दांवर कामाला लागले होते आणि एकट्या ‘वॉलरस’च्या व्युत्पत्तीने त्यांच्याकडून अनेक खर्डे लिहून घेतले. हे अक्षर चाळू लागलो की मला त्या दिरंगाईबद्दल कोणाला दोष देववत नाही. इथले शब्द वरून रोजच्या ओळखीचे दिसतात, पण जुन्या वाड्यासारखी त्यांना आत माजघरे आणि तळघरे असतात.

‘वाइफ’चेच पाहा. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ स्त्री एवढाच होता. मासळी विकणारी ती ‘फिशवाइफ’. ती कोणाची बायको, याच्याशी त्या नावाला कर्तव्य नव्हते. ‘मिडवाइफ’मधल्या ‘मिड’चा अर्थही मध्य नसून सोबत असा आहे, म्हणजे बाळंत होणाऱ्या बाईच्या सोबत असणारी ती मिडवाइफ, आपली सुईण. मराठी माणसाला याचे नवल वाटायचे कारण नाही, कारण ‘माझी बायको’ म्हणजे पत्नी आणि ‘बायका जमल्या’ म्हणजे स्त्रिया, हा हिशेब आपण न अडखळता रोज करत असतो.

पुरुषासाठी तेव्हा ‘वेर’ असा एक शब्द होता. लॅटिनमधला ‘विर’ आणि संस्कृतातला ‘वीर’ हे त्याचे चुलत भाऊ. तो आता व्यवहारातून उठून गेला आहे. फक्त लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसाच्या, म्हणजे ‘वेअरवुल्फ’च्या, नावात तो टिकून आहे आणि, ओळखू येणार नाही इतका झिजून, ‘वर्ल्ड’मध्ये. वर्ल्डचा मुळातला अर्थ मनुष्याचा काळ, त्याचे आयुष्य. जग ही आधी जागा नव्हती, मुदत होती.

‘वीअर्ड’ने मात्र मला चांगलेच फसवले. ‘मॅकबेथ’मधल्या तीन ‘वीअर्ड सिस्टर्स’ना मी महाविद्यालयात असताना विक्षिप्त बहिणी समजत होतो. प्रत्यक्षात वीअर्ड म्हणजे नियती, आणि त्या बहिणी भवितव्य सांगणाऱ्या. विचित्र हा आजचा अर्थ एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. या शब्दाच्या मुळाशी वळण्याचा, फिरण्याचा अर्थ आहे आणि तोच आपल्या ‘वृत्’ धातूत आहे, ज्यातून वर्तन आणि वर्तमान निघाले. (एवढ्यावरून इंग्रजी संस्कृतातून निघाली, असा उत्साह कोणी करू नये, दोघी एका आजीच्या नाती आहेत, मायलेकी नव्हेत.)

‘विंडो’ हा वाड्यातला पाहुणा. तो स्कँडिनेव्हियातून आला आणि त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. संस्कृतात गवाक्ष म्हणजे गाईबैलाचा डोळा. भिंतीतले भोक पाहून दोघांनाही डोळाच आठवावा, याची मला मोठी गंमत वाटते.

तिच्या शेजारची ‘विडो’ ही तर थेट आपली विधवाच. विधवा म्हणजे ‘वि’ अधिक ‘धव’, जिचा नवरा नाही ती, अशी फोड आपण शिकत आलो. पण इंग्रजीतही आणि लॅटिनमध्येही हा शब्द अखंड सापडतो, म्हणून भाषाशास्त्रज्ञ उलटे मानतात: विधवा हा मूळचा सलग शब्द, आणि ‘वि’ हा उपसर्ग समजून तो बाजूला केल्यावर जे उरले, त्याचा नवरा झाला. म्हणजे आधी विधवा होती, आणि धव तिच्या नावातून मागाहून आला.