तुरीच्या दाण्याएवढे दोन पिंड

सोलापूरच्या पूर्व भागातील, यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या कुटुंबातली १६ आठवड्यांची एक गरोदर तरुणी ऐन उन्हाळ्यात आमच्याकडे मेंदूच्या एमआरआयसाठी आली. दोन दिवसांपासून तिला एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या आणि आधाराशिवाय पाऊल टाकता येत नव्हते. "सहा आठवडे झाले, पोटात पाणीसुद्धा ठरंना. सलाईन लावून लावून हाताला शीर सापडंना झालीय," असे सासूबाई सांगत होत्या. मेंदूच्या शिरांत गुठळी झाली असावी, अशी शंका चिठ्ठीवर होती आणि ती रास्तच होती, कारण गरोदरपण आणि शरीरातील पाणी घटणे ही दोन्ही त्या गुठळीला पोषक असतात.

शिरा मोकळ्या होत्या. मोठ्या आणि लहान मेंदूतही दोष नव्हता. अहवालाचा समारोप मनात तयार झाला असतानाच मी फ्लेअर या एमआरआय तंत्राची चित्रे पुन्हा एकदा खालून वर पाहिली आणि पिट्युटरी ग्रंथीच्या देठामागे, तिसऱ्या मस्तिष्कविवराच्या, म्हणजे मेंदूतील पाण्याने भरलेल्या पोकळीच्या तळाशी, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दोन पांढरे ठिपके दिसले.

त्या मॅमिलरी बॉडीज होत्या. हे पिंड तुरीच्या दाण्याएवढेच असतात. चित्रांचे काप ५ मिलिमीटर जाडीचे असले, तर दोन कापांच्या मध्ये ते सहज निसटतात. म्हणून मी उभ्या छेदाचे पातळ काप पुन्हा घ्यायला सांगितले. फ्लेअरमध्ये भोवतालचे पाणी काळे दिसते आणि निरोगी पिंड मेंदूच्या करड्या रंगात मिसळून जातात, पण हिचे दोन्ही पिंड सारखेच उजळले होते. त्यानंतर मुद्दाम शोधल्यावर मेंदूच्या मधोमध असलेल्या दोन्ही थॅलॅमसच्या आतल्या कडांवर आणि मध्यमस्तिष्कातील बारीक नलिकेभोवतीही तशीच फिकट झाक आढळली. गरोदरपणामुळे गॅडोलिनियम हे चित्र उजळवणारे, शिरेतून द्यायचे द्रव्य देण्याचा प्रश्नच नव्हता आणि त्याची गरजही उरली नव्हती.

ही वेर्निकेची व्याधी होती; थायमिनच्या, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारी. तिचे नाते दारूशी इतके पक्के जोडले गेले आहे की न पिणाऱ्या बाईच्या बाबतीत ती कुणाच्या मनातच येत नाही, याची मला फार खंत वाटते. खुद्द कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णिलेल्या तीन रुग्णांपैकी एक, आम्ल प्यायल्यानंतर उलट्यांनी खंगलेली तरुण शिवणकाम करणारी स्त्री होती. शरीरातील थायमिनचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. त्यातच नुसते ग्लुकोजचे सलाईन दिले, तर ते पचवण्यात उरलेसुरलेही खर्ची पडते.

अहवाल टंकित होण्याची वाट न पाहता मी तिच्या डॉक्टरांना फोन केला आणि तासाभरात शिरेतून थायमिन सुरू झाले. तिसऱ्या दिवशी नजर सुधारली. चाल सावरायला मात्र आठवडे लागले.

बाळंतपणानंतर ती पुन्हा तपासणीला आली. पांढरी झाक गेली होती, पण दोन्ही पिंड पहिल्यापेक्षा बारीक झाले होते. स्मृतीच्या वाटेवरचे हे ठाणे आहे. फॉर्निक्स या मज्जातंतूंच्या जुडग्यातून आलेले संदेश इथूनच थॅलॅमसकडे जातात. बाहेर पडताना तिने मला बाळाचे नाव सांगितले, आणि दारापर्यंत जाऊन परत येऊन तेच नाव पुन्हा सांगितले.