रात्री दहाची पाळी

तोर्तुगेरोला गाडीने जाता येत नाही. कोस्टारिकाच्या ईशान्य कोपऱ्यात एका बाजूला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूला कालवे आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर हे गाव. होडीने जा, नाहीतर छोट्या विमानाने. टूर मॅनेजर म्हणून मला ते फार आवडतं, कारण एकदा होडीत बसलं की "वाटेत शॉपिंगला थांबणार का?" हा प्रश्न आपोआप बंद होतो. त्या ऑगस्टमध्ये मात्र होडीपर्यंत पोचायचीच मारामार झाली.

ग्रुप अठरा जणांचा. निम्मे न्यू जर्सीत नोकरी करणारे, उरलेले त्यांच्याकडे राहायला आलेले आईवडील, पुण्या-नाशकाकडचे. सान होसेहून पहाटे निघालो. कॅरिबियनकडे उतरणारा ३२ नंबरचा महामार्ग ब्राउलियो कारियोच्या जंगलातून जातो आणि पावसात त्याचा भरवसा आपल्या वरंध घाटाइतकाच. ड्रायव्हरने फोन कानाला लावला, "देरुंबे" म्हणाला आणि गाडी वळवली. दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. मग कार्तागो, तुरियाल्बा, सिकिरेस असा लांबचा, वळणावळणाचा फेरा. दोघांना गाडी लागली. पुढे केळीच्या बागा सुरू झाल्या. झाडावरच्या प्रत्येक घडाला निळी प्लॅस्टिकची पिशवी घातलेली. ती बघून नाशिकचे एक काका ताजेतवाने झाले आणि कान्यो ब्लांकोच्या धक्क्यापर्यंत आम्हाला द्राक्षाच्या घडांना कागद कसा लावतात ते ऐकवत राहिले.

लॉजवर पोचलो तेव्हा जेवणाची वेळ कधीच टळली होती. भात, काळ्या घेवड्याची उसळ, तळलेलं पिकलं केळं. शाकाहारी मंडळींना या देशात उपाशी राहावं लागत नाही, फक्त तिसऱ्या दिवशी तेच ताट बघून चेहरे पडतात.

रात्री कासवं बघायला जायचं होतं. जुलै ते ऑक्टोबर हिरव्या कासवांच्या माद्या या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. त्यांच्या विणीची जगातली एक फार मोठी जागा आहे ही. वेळ आणि किनाऱ्याचा टप्पा गाइडला हवा तो मिळत नाही, नेमून दिला जातो. आम्हाला दहा ते बाराची पाळी आली. एका गाइडमागे जास्तीत जास्त दहा माणसं, म्हणून दोन गट केले. मी जेवणाच्या टेबलावरच नियम सांगितले: कपडे गडद हवेत, पायांत बंद बूट, बॅटरी नाही, कॅमेरा नाही, फोन खोलीत ठेवायचे.

"फोन नाही म्हणजे? मग फोटो?"

"फोटो नाहीच काका."

"अगं बाई, एवढे पैसे मोजून अंधारात जायचं आणि पुरावाही नाही?"

हे काका म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, सगळ्या पावत्या पाकिटात जपणारे. त्यातून सगळे शर्ट पांढरे किंवा फिक्या रंगाचे. शेवटी लॉजच्या बारमधल्या मुलाने स्वतःचा काळा टी-शर्ट काढून दिला. छातीवर इंपीरियल बिअरचा भलामोठा गरुड. काकांनी आयुष्यात बिअरला हात लावलेला नाही, हे काकूंनी त्या मुलाला मराठीत बजावून सांगितलं.

किनाऱ्यावर थेट जाता येत नाही. झाडीमागच्या एका शेडमध्ये थांबायचं. वाळूवर फक्त रास्त्रेआदोर, म्हणजे कासवाचा माग काढणारी गावची माणसं फिरतात. कासव सापडलं की ते वॉकीटॉकीवरून गाइडला कळवतात. पूर्वी गट किनाऱ्यावरून कासवं शोधत हिंडायचे आणि त्या वर्दळीनेच माद्या परत फिरायच्या, म्हणून ही पद्धत आणली. पाऊस पडत होता, डास चावत होते. कुणीतरी विचारलं, इथे वाघ वगैरे आहेत का. गाइड म्हणाला, जग्वार आहे की, याच किनाऱ्यावर येतो कासवं खायला. त्यानंतर कुणीही "जरा झाडामागे जाऊन येतो" म्हणालं नाही.

आमचा गाइड इथलाच. त्याचे आजोबा वेलादोर होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत किनाऱ्याचा एकेक मैल एकेका वेलादोरकडे असायचा. रात्री वर आलेली मादी तो उलथी करून ठेवायचा. पाठीवर पडलेल्या कासवाला उलटता येत नाही. मग लाकडाचे ओंडके बांधून ती समुद्रातल्या बोटीपर्यंत न्यायची, आणि पुढे त्याचं सूप व्हायचं. आर्ची कार नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ १९५०च्या दशकात इथे आले, माद्यांना खुणेचे बिल्ले लावू लागले, १९५९ साली कासवं राखण्यासाठी संस्था उभी राहिली आणि १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. हे सगळं मी दर सीझनला ऐकते, पण या माणसाने ते घरातली गोष्ट म्हणून सांगितलं. आजोबांना तो नावं ठेवत नव्हता. मी दापोलीकडची. आमच्याकडेही कासवाची अंडी उकरून नेणारी माणसं होती आणि २००२ नंतर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर वेळासला तीच अंडी राखायला गावकरी उभे राहिले. मी ते सांगितलं तेव्हा त्याने पहिला प्रश्न केला, "त्यांना पगार मिळतो का?" मला हा प्रश्न फार बरोबर वाटला. पोट भरल्याशिवाय कुणी रात्रभर किनारा राखत नाही.

पावणेअकराला निरोप आला. एकमेकांचे खांदे धरून रांगेत निघालो. पुढे वाळूवर एक मोठा काळा आकार वर सरकत होता. एवढ्यात रांगेत हिरवा उजेड लुकलुकला. काकांच्याच मुलाच्या मनगटावर फिटनेस बँड होता. वडिलांना फोन ठेवायला लावताना यानेच मोठं लेक्चर दिलं होतं, स्वतःचा बँड मात्र त्याच्या लक्षातच आला नाही. गाइडने काही न बोलता त्यावर स्वतःची टोपी दाबली. कासव थांबलं, मग अर्धगोल वळून पाण्याकडे निघून गेलं.

गाइड म्हणाला, असं होतं, कधी ओंडका आडवा येतो, कधी वाळू पसंत पडत नाही. उजेडाचं नावही त्याने काढलं नाही. त्याची गरजही नव्हती, कारण परत शेडमध्ये जाताना बायकोने त्या मुलाला जे काही हळू आवाजात ऐकवलं ते सगळ्यांना ऐकू आलं.

नंतर तास होत आला तरी काही नाही. बाराला किनारा सोडावाच लागतो, तिथे "पाच मिनिटं अजून" चालत नाही. साडेअकराला दुसरी मादी वर आली, पण ती खड्डा खणत होती आणि अंडी घालायला सुरुवात होईपर्यंत जवळ जाऊ देत नाहीत. आधी गेलं तर ती काम सोडून जाते. एकदा अंडी घालू लागली की सहसा हलत नाही. मी अंधारात बसून मनातल्या मनात रिफंडची भाषा जुळवत होते. बाराला दहा मिनिटं असताना हाक आली.

मागच्या बाजूने, अर्धगोलात, तीन-तीन जणांनी. गाइडने लाल दिवा खाली, शेपटीजवळ धरला. कवच सहज मीटरभर लांब. आमच्या कोकणातली ऑलिव्ह रिडले हिच्यापुढे लहानच म्हणायची. वल्ह्यासारख्या मागच्या पायांनी खणलेल्या खोल खड्ड्यात पांढरी, ओलसर अंडी दोन-दोन, तीन-तीन पडत होती. अशी शंभराच्या आसपास पडतात. सीझनमध्ये ती दोनेक आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा येते आणि दोनेक महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात तेव्हा ती तिथे नसते. बँकेचे काका ओल्या वाळूत गुडघे टेकून बसले होते. त्यांची पाळी संपली तरी मी त्यांना उठवलं नाही, तीन जणांच्या जागी चार झाले. गाइडने बघितलं आणि सोडून दिलं. रात्रभरात त्याने दिलेली तेवढीच सूट.

बाराला बाहेर. होडीत काका म्हणाले, "पिल्लं बघायला यायचं तर तिकीट कधीचं काढावं?" मग लगेच, "आणि वेळासला खोली कुणाकडे मिळते?"

सकाळी साडेपाचला कालव्यातली फेरी होती, त्याला अठराच्या अठरा हजर. गरुडाचा टी-शर्ट अजून काकांच्या अंगावरच. बारमधल्या मुलाला त्यांनी शर्टाचे डॉलर मोजून दिले आणि पावती मागितली नाही.

दुपारी ऑफिसचा मेसेज आला: कासवांचे फोटो तातडीने पाठवा, सोशल मीडियावर टाकायचेत. मी हाउलर माकडांचे नऊ फोटो पाठवले आणि खाली लिहिलं की पुढच्या माहितीपत्रकातून "खात्रीशीर कासवदर्शन" हे शब्द काढून टाका. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.