मी डुलत डुलत येते

रोज सकाळी सात वाजता माझ्या फोनवर एक इंग्रजी शब्द येतो. बोलावलेला पाहुणा आहे, त्यामुळे कुरकुर करता येत नाही. इंग्रजी जरा सुधारावं म्हणून मीच ते अ‍ॅप घेतलं आणि पहिल्याच दिवशी त्याने अट घातली : शब्द नुसता वाचायचा नाही, दिवसभरात निदान तीन रोजच्या वाक्यांत वापरायचा. रात्री नऊला ते विचारतं, वापरलात का? न वापरता 'हो' दाबलं तरी त्याला कळत नाही, पण मला कळतं.

शाळेत 'वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न मी युक्तीने सोडवायची. कुठलाही शब्द येवो, 'बाबांनी मला अमुक शब्दाचा अर्थ सांगितला' असं वाक्य ठोकून द्यायचं. सहा शब्द, सहाही वेळा बाबा. बाईंनी शेवटी वहीत लाल शाईने लिहिलं, 'उद्यापासून बाबांना पाठव.' तेव्हापासून मी वाक्यं प्रामाणिकपणे करते.

तर परवाचा शब्द होता सॉन्टर. क्रियापद. अर्थ : रमतगमत, आरामात चालणे. उच्चार ऐकवणारं बटण दाबलं, तर आतली बाई इतक्या सावकाश 'सॉऽन्टर' म्हणाली की शब्द संपेपर्यंत ती स्वतःच चार पावलं पुढे गेली असावी. मला तो बघताक्षणी आवडला. काही शब्द कानाला घाई करतात, हा हात मागे बांधून उभा होता.

पहिलं वाक्य घरातच केलं. 'आय सॉन्टर टू द किचन.' व्याकरणात चूक नाही, पण सकाळी सव्वासातला स्वयंपाकघरात रमतगमत जाणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. वाक्य बरोबर आणि मजकूर खोटा. तरी एक गुण घेतला.

दुसरं ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हटलं, 'लेट अस सॉन्टर.'

'कुठे आलं ते?'

तिला ते एखाद्या ठिकाणाचं नाव वाटलं होतं. मी म्हटलं, 'कुठे नाही गं, नुसतं.'

'नुसतं कशाला? पाय मोकळे करू या म्हण ना सरळ.'

आम्ही इमारतीभोवती एक चक्कर मारली, आणि त्या चकरेत माझ्या लक्षात आलं की मराठीत आरामात चालायचं असलं तरी ते मारावं लागतं. चक्कर मारतात, फेरी मारतात, फेरफटका मारतात, रपेटही मारतात. एवढी मारामारी करून निघतं काय, तर निवांतपणा! फेरफटक्यात तर परतीचं तिकीट आधीच काढलेलं असतं. फेर म्हणजे वळून यायचंच आहे. शतपावलीत हिशेबच घातलेला, शंभर. पाय मोकळे करायचे म्हणजे तोवर ते कुणीतरी बांधून ठेवले होते, हे उघड आहे. मैत्रिणीचे तरी होते. सकाळपासून ती खुर्चीतून उठली नव्हती.

आणखी एक. इंग्रजीची रीत अशी की चालीगणिक क्रियापद नवं. आमचं क्रियापद म्हातारं आणि एकच, चालणे. पण त्याच्यापुढे वाजंत्री केवढी! झपझप चालतो, तरातरा चालतो, तुरुतुरु, लुटूलुटू, दुडूदुडू चालतो. नुसते शब्द ऐकून कोण येतंय ते सांगता येतं. तरातरा आली ती भांडायला आली. तुरुतुरु आली ती बुटकी आहे आणि कामसू आहे. दुडूदुडू आलं त्याला अजून दात यायचेत. सॉन्टरची जागा या वाजंत्रीत कुठे, ते मला त्या दुपारी सापडलं नाही. सापडलं असतं, तर पुढचं झालं नसतं.

तिसरं वाक्य राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी गाडी उशिरा सुटणार असं स्टेशनवर कळलं. साहेबांना कळवायला हवं होतं. साहेबांचं इंग्रजी उत्तम आहे, म्हणजे स्वल्पविराम चुकला तर त्यांना खुपतो. म्हटलं, दोन पक्षी. मेसेज केला, 'ट्रेन लेट. विल सॉन्टर इन बाय इलेव्हन.' मिनिटाभरात उत्तर आलं, 'टेक युवर टाइम.' मागे पूर्णविराम. मला वाटलं, किती समंजस माणूस.

संध्याकाळी लेकीला कौतुकाने दाखवलं. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फोन माझ्या हातात देताना तो तुटेल अशा बेताने दिला.

'आई, तू हे खरंच पाठवलंस?'

'का? रमतगमत, आरामात चालणे. लिहिलंय तिथे.'

'अगं, तू साहेबांना सांगितलंस, मी अकरापर्यंत डुलत डुलत येते.'

अर्थ चुकला नव्हता. शब्दकोशात बघा, तोच आहे. चुकला होता तो शब्दाचा चेहरा. लेकीने मग उदाहरणं दिली. मीटिंग सुरू होऊन वीस मिनिटं झाली आणि एकजण दार उघडून, कुणाकडे न बघता, खिशात हात घालून आत येतो, तर 'ही सॉन्टर्ड इन'. मांजर भांडं पाडतं आणि त्याच्याशी आपला काही संबंध नसल्यासारखं खोलीतून निघून जातं, तेही सॉन्टर. चाल संथ तर हवीच, पण तिच्यात 'मला काय पडलंय' हे मिसळलेलं हवं. नदीकाठी चाललेलं म्हातारं जोडपं सॉन्टर करतं तेव्हा शब्द गोड वाटतो, कारण त्यांना कुठे पोचायचं नसतं. ज्याला पोचायचं आहे त्याने केलं की तोच शब्द बोचतो.

आणि मुख्य म्हणजे, हा शब्द चालणाऱ्याचा नाही, बघणाऱ्याचा आहे. माझा घोटाळा नेमका इथे झाला होता. मराठीत मी ही चूक कधीच केली नसती. 'उंडारणे' घ्या. आयुष्यात मी पुष्कळ उंडारले, पण 'आई, जरा उंडारून येते' असं एकदाही म्हणाले नाही. मी 'मैत्रिणीकडे जाऊन येते' म्हणायची आणि परत आल्यावर आई विचारायची, 'आलात उंडारून?' गेले ती मी, पण क्रियापद आईचं. 'मिरवत आला', 'झुलत आला', 'गेली ठुमकत' ही सगळी दुसऱ्याने, शक्यतो पाठीमागे, वापरायची क्रियापदं. प्रथमपुरुषी एकवचनात ती घातली की एकतर विनोद होतो, नाहीतर उद्धटपणा. माझ्या मेसेजात, मी गृहीत धरते, विनोद झाला नव्हता.

शब्दकोशात क्रियापदाचं सकर्मक-अकर्मक देतात. 'स्वतःबद्दल वापरू नये' असा शेरा मात्र नसतो. तो शेरा मातृभाषेत आपल्याला कुणी सांगितलेला नसतो, तरी पाठ असतो.

त्या रात्री मी रागाने सॉन्टरची कुंडली काढायला बसले. थोरो या अमेरिकन लेखकाचा चालण्यावरचा निबंध १८६२ साली, त्याच्या मृत्यूनंतर महिन्याभराने छापून आला. त्यात तो सांगतो की मध्ययुगात भटकी माणसं पवित्र भूमीला, 'सेंत तेर'ला, निघालोय असं सांगत दान मागत फिरायची. मग मुलं ओरडायची, बघा, आला सेंत-तेरवाला! त्यातून सॉन्टर. व्युत्पत्ती इतकी देखणी आहे की ती खरी नसणार हे ओळखावं. भाषेचे अभ्यासक ती मानत नाहीत. मूळ नक्की कुणालाच सापडलेलं नाही. मध्ययुगातल्या इंग्रजीत याच्यासारख्या दिसणाऱ्या एका शब्दाचा अर्थ 'विचारात हरवणे' असा होता, आणि चालण्याचा अर्थ आला सतराव्या शतकात. म्हणजे आधी मन निघालं, पाय मागून. हे मला पवित्र भूमीपेक्षा जास्त पटतं. त्याच निबंधात थोरो म्हणतो की दिवसातले निदान चार तास रानावनातून असं रमतगमत हिंडल्याशिवाय त्याची तब्येत आणि मन ठिकाणावर राहत नाही. चार तास! आमच्याकडे अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लागतो तेवढ्याला.

कुंडली काढायला बसलं की एकावर थांबता येत नाही. सॉन्टरचे भाऊबंद निघाले. स्ट्रोल त्यातला सज्जन. पूर्वी हा शब्द गावोगाव भटकणाऱ्यांसाठी होता, फिरत्या नटमंडळींना 'स्ट्रोलिंग प्लेअर्स' म्हणत, आणि स्ट्रोलर म्हणजे जवळजवळ उनाड. आज अमेरिकेत स्ट्रोलर म्हणजे बाबागाडी. त्यात बसलेला उनाडच असतो म्हणा, पण त्याला पट्ट्याने बांधून ठेवतात. लेकीच्या मते मी त्या दिवशी स्ट्रोल वापरला असता तर कदाचित निभावलं असतं. मला नाही वाटत. उशीर होतोय तेव्हा कुठलंच निवांत क्रियापद चालत नाही.

दुसरा अँबल. हा मुळात घोड्याचा. घोड्याच्या एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे पडतात, मग दुसऱ्या बाजूचे, आणि स्वाराला हिसके बसत नाहीत, ती ही चाल. माणसाला ती नंतर लागू झाली. मूळ लॅटिनमधलं, 'आंबुलारे', म्हणजे चालणे. आणि याच आंबुलारेपासून अँब्युलन्स! फ्रेंच सैन्याबरोबर हलणारं इस्पितळ होतं, त्याला ते चालतं इस्पितळ म्हणत. एकाच आजोबांची दोन नातवंडं, एक बागेत रेंगाळतंय आणि दुसरं भोंगा वाजवत सिग्नल तोडतंय. प्रस्तावनेला इंग्रजीत प्रीअँबल म्हणतात तोही याच घरातला, पुढे चालणारा. काही प्रस्तावना वाचताना ही व्युत्पत्ती पायांना जाणवते.

एवढं सगळं शोधल्यावर मला वाटलं, निदान चालून तरी बघावं. रविवारी सकाळी, न ठरवता, मनगटावरचं घड्याळ घरी ठेवून. ते घड्याळ पावलं मोजतं आणि दहा हजारांखाली खूश होत नाही. हा दहा हजारांचा आकडाही कुठल्या वैद्याने काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं, आणि नाव जगभर पथ्य होऊन बसलं. आपलं शंभरात भागत होतं.

तर निघाले. पहिली दहा मिनिटं पाय ऐकेनात. त्यांना सवय स्टेशन गाठायची. मी मनाशी 'सॉऽन्टर' म्हणायची आणि ते चार पावलं ऐकून पुन्हा पळायला लागायचे. शेवटी एका कुंपणावर मुंग्यांची रांग दिसली आणि मी तिच्या बाजूने चालू लागले. मुंगीएवढं हळू माणसाला चालता येत नाही, एक पाऊल टाकून थांबावं लागतं, आणि थांबलं की दुसरा पाय हवेत काय करावं या विचारात पडतो. एक मुंगी स्वतःपेक्षा मोठं पंख की काहीतरी उलटं ओढत होती. समोरून येणारी प्रत्येक तिच्या तोंडाला तोंड लावून बघायची आणि पुढे जायची. मदत कुणी करत नव्हतं. चौकशी सगळ्याच करत होत्या. खांबापाशी रांग भिंतीत शिरली तेव्हा मी मान वर केली, तर माझ्या कमरेत चमक भरली होती.

त्याचंही कारण आहे. माणसाचे पाय लंबकासारखे झुलतात आणि ताशी साडेचार-पाच किलोमीटरच्या आसपास चाललं की एका किलोमीटरमागे सगळ्यांत कमी शक्ती लागते. त्याहून फार हळू गेलं तर झुलण्याचा फायदा जातो, अंगाला उभं धरून ठेवायचा खर्च मात्र चालू राहतो. म्हणजे तेवढंच अंतर रेंगाळत काटणं महाग पडतं. संग्रहालयात दोन तास फिरल्यावर पाय का बोलतात, हे मला पहिल्यांदा कळलं.

सोमवारी मी वेळेवर, झपझप, दहाला दहा कमी असताना टेबलावर होते. साहेब आलेले नव्हते. साडेदहाची मीटिंग होती, सगळे जमले, कुणीतरी पंखा वाढवला, कुणीतरी कमी केला. अकराला पाच कमी असताना दार उघडलं. साहेब आत आले. खिशात एक हात, दुसऱ्या हातात फोन, तो बघत बघत. खिडकीपाशी थांबले, बाहेर काहीतरी पाहिलं, मग खुर्चीपर्यंतची सहा पावलं अशी टाकली की मी ती मोजू शकले.

शेजारून मैत्रीण वहीत डोकं घालून कुजबुजली, 'काय गं, तो तुझा परवाचा शब्द कुठला होता?'